भांग होता त्या दिवशी

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. अक्षरही वाईट आहे. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर हातात पेन आलं ते या नोकरीत, रजिस्टर भरायला. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून कळत नाही, कानाला येतं तसं लिहिते. ही वही कोणाला दाखवायची नाही असं ठरवलं आहे. तरी माफी मागते, कारण आमच्या घरात वही लपवायला जागा नाही आणि कोणी ना कोणी ती उघडून बघणारच.

मी खाडीच्या काठच्या कोळीवाड्यात राहते. आमच्या गच्चीवरून बेलापूरच्या सरकारी इमारती दिसतात. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने माझ्या नवऱ्याची होडी भाड्याने घेतली. खाडीत पाणी कुठे किती खोल आहे ते मोजायचं होतं, प्रवासी बोटींना वाट करायची म्हणून. म्हणजे ते तसं सांगत होते. मोजायला माणूस जाणार नव्हता. एक पिवळी बोट होती, पाळण्याएवढी, आत कोणी बसत नाही. तिच्या पोटाखाली मुठीएवढं यंत्र लावलेलं. ते पाण्यात आवाज सोडतं आणि तळावरून आवाज परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढतं. काठावर लॅपटॉप असतो, त्यावर रेघा आखायच्या. बोट त्या रेघांवरून आपली आपण जाते, रेघ संपली की वळते आणि दुसरी धरते. गावात तिला भुताची होडी म्हणतात.

तिच्यावर नजर ठेवायला एक माणूस लागतो. वाटेत जाळं आलं, खुंट आला, दुसरी होडी आली, की रिमोटने बोट आपल्या हातात घ्यायची आणि बाजूला काढायची. हे काम मी करते. रिमोट गळ्यात पट्ट्याने अडकवलेला असतो आणि त्याला दोन काड्या असतात.

मला हे काम कसं मिळालं याचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. सर्वेवाल्या मॅडम ऐरोलीला राहतात, मूळच्या सांगलीकडच्या. नवऱ्याची पाठ धरली म्हणून चार दिवस त्याच्या जागी मी होडी चालवली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून रिमोट पुढे केला.

"ताई, धरून बघा. डावी काडी वेग, उजवी काडी वळण."

मी धरला. बोट हलवली, वळवली, जेट्टीला आणून टेकवली. काठीने होडी सरकवण्यापेक्षा सोपं होतं.

"आमच्याकडचा इंजिनियर पंधरा दिवस शिकत होता," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही येता का कामाला?"

मी काही बोलले नाही. मी तशी बोलतच नाही. अनोळखी माणसासमोर माझी जीभ टाळूला चिकटते. पण डोक्यात चालू होतं की शहरातल्या शिकलेल्या पोरी नोकऱ्या शोधत फिरतात आणि या बाईला चौथी पास कोळीण कशाला हवी? मला वाटलं, गावाने बोट फोडू नये म्हणून गावातलंच माणूस पुढे उभं करतात. पुढे ओळख झाल्यावर एकदा विचारलं. मॅडम लाजल्या. म्हणाल्या, "ते पण होतं ताई. खोटं कशाला बोलू." तेव्हापासून मी त्यांच्यावर थोडा विश्वास ठेवला.

गाव मात्र ठेवत नव्हतं, ना कंपनीवर ना माझ्यावर. आमच्या आधीच्या पिढीने मोजणीवाले पाहिले आहेत. आधी मोजतात, मग भराव येतो, मग आपण मोबदल्याची फाइल घेऊन बेलापूरला खेपा घालतो. माझे चुलत सासरे अजून घालतात. धाकटा दीर तर माझ्या तोंडावर बोलायचा.

"वयनी, आज किती खाडी विकलीस गो?"

"खोली मोजते मी."

"खोली मोजतंस. मंग लांबी कोन मोजील? बिल्डर?"

बायकांचं वेगळंच. पोटाखालच्या यंत्राला कंपनीत सोनार म्हणतात. इंग्रजी शब्द आहे, पण मासळी बाजारात तो शब्द पोचला आणि तिथे त्याचं सोनं झालं. शेजारीण कोलंबी सोलता सोलता मला विचारते, "बाय, त्या बोटीत सोनार कशाला बसवलाय? पान्यान सोना गावतंय का?" मी हसले. हसले हे चुकलं. न बोलणारी बाई हसली की लोकांना वाटतं, नक्की काहीतरी आहे.

आता भांगाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अमावास्या-पुनवेला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, तो भांग. आमचा धंदा या दोनांवर चालतो. उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे आमच्या बोलीत सुकतीला, चिखल उघडा पडतो आणि जुन्या जाळ्यांचे खुंट वर दिसतात. भांगाला सुकती झाली तरी खुंट वीतभर पाण्याखाली राहतात. वरून पाणी सपाट, खाली टोकं. म्हणून भांगाच्या दिवशी तिकडे आम्ही होडीसुद्धा घालत नाही.

रजिस्टरमध्ये रोज लिहायचं असतं. वेळ, वारा, पाणी, बॅटरी किती टक्के, आणि शेवटी शेरा. मॅडमनी सांगितलं होतं, इंग्रजी नको, तुमच्या भाषेत लिहा, पण रोज लिहा. पानाचा फोटो काढून ऑफिसला जायचा. तिथे कोणीतरी त्याचं इंग्रजी करून मोठ्या साहेबांना द्यायचं.

मार्गशीर्षातली अष्टमी होती. जेट्टीपासून लांब, जुन्या खुंटांकडच्या शेवटच्या सहा रेघा राहिल्या होत्या आणि ऑफिसला त्या त्याच दिवशी हव्या होत्या. मी सकाळी जेट्टीवर मॅडमना म्हटलं, "आज नको." त्या फोनवर होत्या. हाताने थांबा म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं, "भांग आहे." फोन चालूच. तिसऱ्यांदा सांगायला माझा आवाज निघाला नाही. मी रजिस्टर उघडलं आणि शेऱ्यात लिहिलं: भांग. खुंट दिसत नाहीत. काम नको. आणि लिहून झाल्यावर रिमोट गळ्यात अडकवला.

मोठ्याने बोलता आलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

त्या रेघा जेट्टीवरून नीट दिसत नव्हत्या, म्हणून मी आणि नवरा होडीतून बोटीच्या मागे गेलो. मॅडम लॅपटॉप घेऊन जेट्टीवर. चौथ्या रेघेवर बोट एकदम थांबली आणि नाक वर झालं. मी रिमोटवर घेतली, मागे ओढली, येईना. नवऱ्याने होडी लावली, ओणवा झाला, कोपरापर्यंत हात पाण्यात घातले. त्याची पाठ माझ्याकडे होती. थोड्या वेळाने म्हणाला, "सुटली. घे मागं."

जेट्टीवर बोट उलटी केली तर पोटाखाली काही नव्हतं. यंत्र नाही, ते धरणारी लोखंडी पट्टी नाही, बोल्ट नाहीत. नुसती दोन भोकं, कडेने फाटलेली, आणि तुटकी वायर.

मॅडम खाली बसल्या. "ताई, पाण्यात पडलं का?"

"माहीत नाही."

"दादा, तुमच्या हाताला लागलं का काही?"

"रस्सी लागली जुनी. ती सोडवली," नवरा म्हणाला.

दोन दिवसांनी मला ऑफिसात बोलावलं. साहेब उत्तरेकडचे, मराठी येत नाही. माझं हिंदी मासळी बाजारापुरतं. त्यांच्यासमोर इंग्रजी केलेला कागद होता, शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द. मॅडम बाजूला बसल्या होत्या, पण तेवढ्यात त्यांना बाहेर कोणी हाक मारली आणि त्या गेल्या.

साहेब म्हणाले, "उस दिन का रिपोर्ट में लिखा है, भांग. सही है?"

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कोणीतरी वाचलं. "हां साब. भांग था."

"मतलब आप मान रही हो?"

"अष्टमी थी साब. अष्टमी को भांग रहताच है."

"हर अष्टमी को?"

"हां. महिने में दो बार."

साहेबांनी चष्मा काढला. "और आपका आदमी?"

"उसको तो मेरे से जास्ती समजता है भांग का. हम लोग का पूरा धंदाच भांग और उधाण पे चलता है."

"धंदा! और उधार पे?"

"हां साब, उधाण पे." मी मान हलवली. एवढं सलग मी कोणाशी बोलले नव्हते, मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

साहेब ते सगळं लिहून घेत होते. मग म्हणाले, बोटीजवळ फक्त तुमची होडी गेली होती. मॅडमनी लिहून दिलंय की लांबून तुमचा नवरा बोटीवर ओणवा झालेला दिसला. मी म्हटलं, भोकं फाटलीत बघा. ते म्हणाले, घाईत उपटलं की फाटतातच. माझ्यापुढे एक कागद ठेवला. यंत्राचे पैसे फिटेपर्यंत पगारातून दर महिन्याला सहा हजार कापणार. माझा पगार अठरा. यंत्राची किंमत त्यांनी सांगितली तेव्हा मी हिशोब करायला गेले, पाच-सहा वर्षं झाली तरी संपेना, मग सोडून दिला. नोकरी काढून घेत नव्हते, कारण काढली तर पैसे कुठून कापणार. मी सही केली. सही करताना माझं नाव चुकलं, दुसऱ्यांदा लिहिलं.

बाहेर मॅडम जिन्यात भेटल्या. "मी फक्त दिसलं ते लिहिलं, ताई." मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

पण खरं सांगायचं तर त्या कागदापेक्षा मला दुसरंच खात होतं. मी नवऱ्याचे हात बघितले नव्हते. त्याची पाठ बघितली होती. पंचायतीत भाऊ त्याला टोचायचे, बायको खाडी विकते आणि तू होडी वल्हवतोस. तो उलट बोलायचा नाही. आणि तीन रेघा नीट झाल्या, चौथीवर अडकली, तो एकटाच पाण्यात हात घालून होता. त्याने ते यंत्र उपटून होडीत टाकलं असेल, जाळ्याखाली, तर मला काय कळणार होतं?

मी घर शोधायला लागले. तो बर्फ आणायला गेला की मी जाळ्यांचे ढीग उलटे करायचे. बर्फाची पेटी बघितली, पाण्याच्या टाकीच्या मागे बघितलं, देव्हाऱ्याखाली बघितलं. एक दिवस मी पोटमाळ्यावर जाळं उसकटत होते आणि तो खाली उभा.

"काय शोधतेस गो?"

"मिठाची बरनी."

"जाल्यान?"

मी काही बोलले नाही. तो शिडी धरून उभा राहिला, मी उतरेपर्यंत. त्या दिवसापासून आम्ही एका ताटात जेवणारी माणसं एकमेकांच्या हाताकडे बघून जेवायला लागलो.

मग मला दुसरी गोष्ट दिसली. अमावास्या, पुनव, उधाण आलं की तो सुकतीला एकटा चिखलात जायचा. म्हणायचा निवट्या, चिखलातले मासे, पकडायला. परत यायचा तेव्हा मांडीपर्यंत चिखल आणि टोपलीत दोन निवट्या, कधी एकही नाही. लहानपणापासून चिखलात वाढलेला माणूस रिकामा कसा येतो? मी मनात पक्कं केलं की तो जिथे लपवलंय तिथे जाऊन बघतो आहे, आहे की गेलं. पौष गेला, माघ गेला. दोन पगार कापून आले. फाल्गुनाचा तिसरा.

शिमग्याच्या पुनवेला वर्षातली मोठी सुकती येते. आमच्याकडे तो मोठा सण, सगळं गाव होळीच्या तयारीत. ऊन कलतीला लागलं तसा तो टोपली घेऊन निघाला. मी नैवेद्याची पुरणपोळी तव्यावर तशीच टाकून त्याच्या मागे गेले. जाऊ म्हणाली, "आगो पोली जलतेय!" जळू दे.

काठावरून बघितलं. एरवी जिथे पाणी असतं तिथे लांबपर्यंत चिखल उघडा होता आणि जुन्या जाळ्यांचे खुंट दातांसारखे वर आलेले. तो एका खुंटाजवळ गुडघ्यावर बसून काठी चिखलात खुपसत होता. काढायचा, वीतभर सरकवायचा, पुन्हा खुपसायचा. जसं मॅडम लॅपटॉपवर रेघा आखतात तसं. एक ओळ झाली की दुसरी.

मी लुगडं खोचलं आणि चिखलात उतरले. जवळ जाईपर्यंत त्याने वर बघितलं नाही.

"कुठं ठेवलाय?" मी विचारलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा सरळ विचारलं.

"मी इचारनार व्हतो तुला."

"मला?"

"तूच घातलीस ना बोट खुंटावर? मुद्दाम. माझ्या भावांचं आयकून आयकून." काठी टेकवून तो माझ्याकडे बघत होता. "मला वाटला, तू घातलीस आनि आता बोलता येत नाय. म्हनून शोधतोय. गावला तर देऊन टाकू, म्हंजे तुझं नाव सुटल."

मला हसू आलं, रडूही आलं, आणि पाय चिखलात रुतत होते म्हणून उभंही राहता येईना. मी म्हटलं, "मी तुमची बर्फाची पेटी उघडून बघितली."

"म्हाईत हाय. झाकन उघडा ठेवलास तू. सगला बर्फ वितळला."

मग आम्ही दोघं शोधायला लागलो. तो काठीने, मी हाताने. पाणी परत यायच्या आत करायचं होतं. तिसऱ्या खुंटाला जुन्या जाळ्याची रस्सी गुंडाळलेली होती, शेवाळ्याने हिरवी, अर्धी चिखलात गेलेली. मी ती ओढली तर जड लागली. चिखलातून आधी वायर आली, मग पट्टी, मग यंत्र. पट्टी मुरगळलेली. दोन्ही बोल्ट पट्टीतच होते, वाकलेले, आणि त्यांना बोटीच्या पिवळ्या फायबरचे तुकडे चिकटलेले.

नवरा म्हणाला, "हा काय तो सोनार?"

"हाच."

"याच्यासाठी मी तीन म्हैने निवट्या सोडल्या?"

दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला. धुळवडीची सुट्टी असून त्या ऐरोलीहून रिक्षा करून आल्या. यंत्र हातात घेऊन त्यांनी बोल्ट बघितले आणि मग जेट्टीवरच्या खोलीत जाऊन जुनं रजिस्टर काढलं. मी दारात उभी. त्यांनी मोठ्याने वाचलं. भांग. खुंट दिसत नाहीत. काम नको.

"ताई, हे त्या दिवशीचं आहे?"

"हो."

"मी वाचलंच नाही. फोटो काढला आणि पाठवला." त्यांनी रजिस्टर मिटलं. "भूगोलात होतं आम्हाला. भांगाची भरती. परीक्षेला येतं म्हणून पाठ केलं होतं मी." मग विचारलं, "आणि साहेबांनी तुम्हाला काय विचारलं होतं?"

मी सगळं सांगितलं, धंदा भांगावर चालतो इथपर्यंत. त्यांनी तोंडावर हात धरला. हसत होत्या की काय ते कळलं नाही. मला राग आला, कारण त्यांनी सांगेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की साहेबांना पिण्याची भांग समजली. आम्ही नवरा-बायको मिळून भांग पितो आणि विकतो असं तीन महिने त्या ऑफिसात लिहून ठेवलेलं होतं.

साहेबांसमोर मॅडम बोलल्या. मी होते, पण खालीच बघत होते. साहेबांनी बोल्ट फिरवून फिरवून बघितले. त्यांना अजून पटत नव्हतं, ते दिसत होतं. शेवटी म्हणाले, "तो उस दिन ठीक से बोलना था ना." मी पहिल्यांदा वर बघितलं. "लिखा था, साब," म्हटलं. एवढंच.

पैसे लगेच आले नाहीत. आधी म्हणाले, पुढच्या पगारात. पुढच्या पगारात सहा हजार आले. पासबुकावर शिक्का मारणाऱ्या माणसाला मी दोनदा विचारलं, एवढेच का? मग म्हणाले, बाकीचं दुरुस्तीत वळतं करू. मॅडमनी मेल लिहिला, असं त्या सांगतात, मी बघितलेला नाही. पुन्हा सहा आले, कापलेल्या पगाराच्या नावाने नाही, प्रवास भत्ता म्हणून. ते घ्यावेत की नाही यावर आमच्याकडे दोन दिवस वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, प्रवास भत्ता घेतला तर कापलेले पैसे चोरीचे म्हणूनच राहतील. मी ऑफिसात गेले. एकटी गेले. साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि घरून लिहून नेलेला कागद ठेवला, कारण बोलता येणार नव्हतं. कागदावर लिहिलं होतं: कापलेला पगार परत, असं लिहून द्या. तिन्ही महिन्यांचं. त्यांनी तो कागद कोणाकडून तरी वाचून घेतला.

ज्येष्ठात पावसामुळे बोट शेडमध्ये गेली, तेव्हा शेवटचे सहा आले आणि सोबत चिठ्ठी आली, तिन्ही महिन्यांचा कापलेला पगार परत, खाली सही आणि शिक्का. मी ती चिठ्ठी बँकेत नेली, पासबुक छापून घेतलं, बाहेर पायरीवर बसून बेरीज केली. मग पुन्हा केली.

नवरा फाटकाशी स्कूटर घेऊन थांबला होता.

"आले?"

"आले."

"सगले?"

"अठरा हजार. सगळे."